स्पोर्ट्स मोटारगाडी : हाताळणी व निलंबन यांच्या दोषांचे निदान

स्पोर्ट्स मोटारगाडी : हाताळणी व निलंबन यांच्या दोषांचे निदान : वेगाने व अचूकपणे वळणे घेता यावीत या हेतूने बनविलेल्या, सामान्यतः दोन आसनांच्या, ठेंगण्या व हलक्या मोटारगाडीला स्पोर्ट्स मोटारगाडी म्हणतात. चालकाच्या आज्ञेला गाडी किती तत्परतेने व किती खात्रीलायकपणे प्रतिसाद देते, यावरून तिची हाताळणी ठरते. चाके व सांगाडा यांना जोडणाऱ्या भुजा, स्प्रिंगा, धक्काशोषक, रबरी बुश इ. भागांच्या समूहाला निलंबन यंत्रणा म्हणतात. व्यवहारात तिला सस्पेन्शन हेच नाव रूढ आहे. गाडीच्या वर्तनात आढळणारा बिघाड यांपैकी कोणत्या भागात आहे, हे लक्षणे, मोजमापे व चाचण्या यांच्या आधारे निश्चित करणे म्हणजे दोषनिदान होय.

साधी प्रवासी गाडी टायरांच्या पकडीच्या मर्यादेपासून पुष्कळ अलीकडे वापरली जाते. स्पोर्ट्स गाडी त्या मर्यादेच्या जवळ नेली जाते आणि दैनंदिन वापरात लपून राहिलेला दोष तेथे एकाएकी प्रकट होतो. शिवाय दोष ज्या ठिकाणी जाणवतो त्याच ठिकाणी तो असतो असे नाही. मागचा भाग घसरण्याचे कारण पुढील निलंबनात असू शकते, तर सुकाणू चक्रात म्हणजे स्टिअरिंगमध्ये जाणवणाऱ्या ओढीचे कारण मागच्या चाकाच्या दिशेत असू शकते. म्हणून ठरावीक क्रमाने केलेली तपासणी व एका वेळी एकच बदल, हे या निदानाचे दोन मुख्य नियम आहेत. लक्षणावरून थेट भाग बदलण्याची पद्धत खर्चिक तर असतेच. पण मूळ दोष तसाच राहून गाडी सुधारल्याचा भ्रम निर्माण झाल्यास ती धोकादायकही ठरते.

वळणावरील वर्तन : गाडीला वळविणारी, थांबविणारी व पुढे ढकलणारी सर्व प्रेरणा चार टायर रस्त्याला जेथे टेकतात तेथील, प्रत्येकी सु. तळहाताएवढ्या ठशांमधून मिळते. वळताना टायरचे रबर आडवे ताणले जाते. त्यामुळे चाकाचे तोंड ज्या दिशेस असते ती दिशा व चाक प्रत्यक्षात ज्या दिशेने जाते ती दिशा यांमध्ये काही अंशांचा कोन पडतो. त्याला घसरकोन म्हणतात. पुढच्या चाकांचा घसरकोन मागच्या चाकांपेक्षा अधिक असेल, तर गाडी अपेक्षेपेक्षा कमी वळून बाहेरच्या बाजूस जाऊ लागते. हे अल्पवळण किंवा अंडरस्टीअर होय. याउलट मागच्या चाकांचा घसरकोन अधिक असेल, तर मागचा भाग बाहेर फेकला जाऊन गाडी अपेक्षेपेक्षा जास्त वळते. हे अतिवळण किंवा ओव्हरस्टीअर होय. १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेतील जनरल मोटर्स कंपनीत मॉरिस ऑली या अभियंत्याने केलेल्या अभ्यासामुळे या विषयाला शास्त्रीय बैठक मिळाली.

वळणावर आतील चाकांवरील काही भार बाहेरील चाकांवर जातो. उदा., १,००० किग्रॅ. वस्तुमानाच्या गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ४५ सेंमी. उंचीवर व डाव्या-उजव्या चाकांमधील अंतर १४० सेंमी. असल्यास, ५० मी. त्रिज्येचे वळण ताशी ५४ किमी. वेगाने घेताना सु. १४७ किग्रॅ. भार बाहेरील चाकांवर जातो. वेग ताशी ७२ किमी. झाल्यास हाच आकडा सु. २६२ किग्रॅ. होतो, म्हणजे आतील दोन्ही चाकांवर मूळच्या ५०० किग्रॅ. भारापैकी निम्म्याहून कमी उरतो. टायरवरील भार दुप्पट केल्याने त्याची पकड मात्र दुप्पट होत नाही, त्याहून कमी वाढते. त्यामुळे ज्या आसावर भाराची ही अदलाबदल अधिक होते, त्या आसाची एकूण पकड अधिक घटते.

निदानातील अनेक चुकांचे मूळ हे तत्त्व दुर्लक्षित होण्यात असते. मागचा भाग घसरतो म्हणून मागच्या स्प्रिंगा किंवा मागचा कलरोधक दांडा, म्हणजे अँटी-रोल बार, अधिक ताठ करावा असे सहजच सुचते. तसे केल्यास भाराची अदलाबदल मागच्या आसावर वाढते व तो भाग आणखी लवकर घसरतो. पुढचा दांडा अधिक ताठ करणे किंवा मागचा सैल करणे हाच येथे योग्य उपाय असतो.

भार पुढेमागेही सरकतो. वळणाच्या मध्यात वेग जास्त झाल्याचे ध्यानात येताच प्रवेगक पेडलावरून पाय काढून घेणे ही माणसाची स्वाभाविक प्रतिक्रिया आहे. त्याच क्षणी भार पुढे सरकतो, मागची चाके हलकी होतात आणि त्यांत भर म्हणून एंजिनाचा रोध, मागील चाके फिरविणाऱ्या गाडीत, त्याच चाकांवर येतो. निर्दोष गाडी या प्रसंगी वळणाच्या आत थोडी वळून सावरते. सदोष गाडी स्वतःभोवती फिरते. चालकाची चूक पोटात घालण्याची ही क्षमता शाबूत आहे की नाही, हे पाहणे निदानाचे खरे प्रयोजन होय.

दोषांचे प्रकार : दोषांचे चार वर्ग पडतात : (१) मूळ रचनेतील, (२) झीज, गंज किंवा अपघात यांमुळे आलेले, (३) चाकांच्या कोनांच्या किंवा हवेच्या दाबाच्या चुकीच्या जुळणीमुळे आलेले आणि (४) मालकाने केलेल्या फेरफारांतून उद्‌भवलेले. वर्ग ठरविण्यासाठी चालकास तीन प्रश्न विचारणे उपयुक्त ठरते : गाडी पूर्वी असे वागत होती काय, हे वर्तन केव्हापासून सुरू झाले व त्याआधी गाडीत काय बदलले. टायर बदलल्यानंतर किंवा पदपथाच्या कडेवर चाक आदळल्यानंतर तक्रार सुरू झाली असेल, तर शोधाचे क्षेत्र पुष्कळच आकसते.

तपासणीचा क्रम : तपासणी रस्त्याकडून वर, म्हणजे टायरापासून सांगाड्याकडे करतात. खालच्या पायरीवर दोष असेल, तर वरच्या पायरीवरील मोजमापे विश्वसनीय राहत नाहीत.

टायर : हवेचा दाब टायर थंड असताना मोजतात. टायर कसा झिजला आहे यावरून बराच बोध होतो. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी, मध्यभाग झिजला असेल तर हवा जास्त आणि एकच कड झिजली असेल तर चाकाचा कल किंवा दिशा चुकीची, असा अंदाज करता येतो. पृष्ठावरून हात फिरविताना एका दिशेने गुळगुळीत व उलट दिशेने धारदार लागल्यास चाक तिरपे धावत असते. वाटीसारखे खळगे पडले असल्यास धक्काशोषक निकामी किंवा चाक असंतुलित असण्याचा संभव असतो. स्पोर्ट्स गाड्या बऱ्याचदा वर्षातून थोडेच दिवस रस्त्यावर येतात. त्यामुळे खाचा खोल दिसत असूनही रबर जुने होऊन कठीण झालेले असते व ओल्या रस्त्यावर पकड धरत नाही. २००० सालापासून टायरच्या बाजूवरील चार आकडी संख्येत निर्मितीचा आठवडा व वर्ष दिलेले असते. ती पाहिल्याशिवाय टायर चांगला आहे असे म्हणू नये. गाडी एका बाजूस ओढत असल्यास पुढचे दोन टायर एकमेकांच्या जागी बसवून पाहतात. ओढीची दिशा उलटली, तर दोष टायरमध्येच असतो. फिरण्याची दिशा ठरलेल्या टायरांवर मात्र ही चाचणी करता येत नाही.

चाके व बेअरिंग : असंतुलित चाकाची थरथर विशिष्ट वेगासच तीव्र होते. १.९ मी. परिघाचे चाक ताशी ९० किमी. वेगाला सेकंदास सु. १३ फेरे करते. स्प्रिंगखालील भागांची, म्हणजे चाक, रोधक व त्यांना जोडलेल्या भुजांची, नैसर्गिक कंप्रताही सामान्यतः सेकंदास १० ते १५ आवर्तने इतकी असते. दोन्ही जुळल्या की अनुस्पंदन होऊन थरथर वाढते आणि वेग आणखी वाढविल्यास ती कमी होते. सर्व वेगांना राहणारा व वळणाच्या दिशेनुसार कमीअधिक होणारा घरघर आवाज मात्र बेअरिंगकडे बोट दाखवितो.

सांधे व बुश : गाडी जॅकने उचलून भक्कम घोड्यांवर टेकवितात. केवळ जॅकच्या आधारावरील गाडीखाली जाऊ नये. चाक वर व खाली धरून हलविल्यास बेअरिंग व बॉल जॉइंट यांची, तर डावीकडे व उजवीकडे धरून हलविल्यास सुकाणू दांड्यांच्या सांध्यांची सैलता कळते. रबरी बुशांची परीक्षा यापेक्षा अवघड असते. उभ्या गाडीत ते ठीक दिसतात. पण रोधक लावताना किंवा पेडल सोडताना दबून चाकाची दिशा बदलू देतात. मागच्या भुजेचा बुश सैल झाला असल्यास पेडल सोडताच मागचे चाक बाहेरच्या दिशेस वळते व गाडीची शेपटी झटका देते. अशा गाडीच्या चाकांचे कोन यंत्रावर मोजले असता तंतोतंत बरोबर येतात. मोजमाप बरोबर आणि वर्तन चुकीचे अशी विसंगती आढळल्यास प्रथम बुशांचा संशय घ्यावा व पहारीने ताण देऊन ते तपासावेत.

चाकांचे कोन : चाकाचा आत किंवा बाहेर असलेला कल म्हणजे कँबर, वरून पाहता चाकांची तोंडे एकमेकांकडे वा विरुद्ध दिशेस असणे म्हणजे टो आणि बाजूने पाहता सुकाणू-अक्षाचा मागे असलेला कल म्हणजे कास्टर. यांपैकी टोमधील चूक सर्वांत महाग पडते. १५ इंच म्हणजे ३८१ मिमी. व्यासाच्या रिमच्या कडांवर मोजता एका चाकाची दिशा केवळ ३ मिमी.ने चुकली असली, तरी त्या चाकाचे तोंड प्रत्येक किमी. अंतरात मार्गापासून सु. ८ मी. बाजूला जाणाऱ्या दिशेस असते आणि टायरला तेवढे अंतर आडवे घासत जावे लागते. मागच्या चाकांची तोंडे बाहेर असल्यास गाडी सरळ रस्त्यावरही अस्थिर वाटते; किंचित आत असल्यास स्थैर्य येते. म्हणून प्रथम गाडीची उंची, नंतर मागची चाके व शेवटी पुढची चाके असा जुळणीचा क्रम ठेवतात. केवळ पुढची चाके जुळविली व मागची तिरपी राहिली, तर सुकाणू चक्र वाकडे धरून गाडी सरळ चालवावी लागते. हलक्या दोन आसनी गाडीत चालकाच्या वजनानेही उंची बदलत असल्याने अचूक जुळणीसाठी आसनावर तेवढे वजन ठेवतात. माझ्दा कंपनीच्या १९८९ मध्ये आलेल्या एमएक्स-५ या गाडीत चारही चाकांचे कोन विकेंद्री बोल्ट फिरवून बदलता येतात. ही सोय गाडी जुनी झाल्यावर बोल्ट गंजून अडकले की निरुपयोगी ठरते.

स्प्रिंगा व धक्काशोषक : गाडीचा कोपरा दाबून सोडणे ही प्रचलित चाचणी ढोबळ आहे. कोपरा अनेकदा हेलकावला, तर धक्काशोषक निकामी झाला असे समजावे. पण एकदाच वर येऊन थांबला, तर तो चांगला आहे असे सिद्ध होत नाही, कारण ताठ स्प्रिंगांची गाडी हाताने पुरेशी दबतच नाही. तेलाची गळती, डाव्या-उजव्या बाजूंच्या उंचीतील फरक व खडबडीत वळणावर चाकांचे उड्या मारणे ही अधिक खात्रीची लक्षणे होत.

आखूड स्प्रिंगा बसवून गाडी ठेंगणी करणे हा मालकांचा आवडता फेरफार असतो. त्यामुळे गुरुत्वमध्य खाली येतो हे खरे. परंतु निलंबनाच्या भुजांचे कोन बिघडतात, खळग्यावरून जाताना चाके आपोआप वळू लागतात आणि चाकाला वर सरकण्यास जागा कमी उरते. वळणाच्या मध्यातच निलंबन रबरी अडथळ्यावर टेकले, तर त्या कोपऱ्याचा ताठरपणा क्षणार्धात वाढतो व तेथील पकड एकदम सुटते. याची परीक्षा सोपी आहे. धक्काशोषकाच्या दांड्यावर ग्रीसचा पातळ थर देऊन गाडी चालवितात व नंतर थर कोठपर्यंत पुसला गेला ते पाहतात.

सांगाडा : वरील सर्व पायऱ्या निर्दोष ठरल्यावर सांगाड्याचे कर्ण मोजतात. अपघातात वाकलेल्या किंवा भुजांच्या मुळाशी गंजलेल्या सांगाड्यावर कोणतीही जुळणी टिकत नाही.

रस्त्यावरील चाचणी : ही चाचणी वाहतुकीच्या रस्त्यावर न करता बंदिस्त, प्रशस्त जागी करतात. स्थिर त्रिज्येच्या वर्तुळावर वेग हळूहळू वाढवीत नेऊन सुकाणू चक्र किती अधिक किंवा कमी वळवावे लागते ते पाहिले, म्हणजे गाडीचा कल अल्पवळणाकडे आहे की अतिवळणाकडे हे कळते. आंतरराष्ट्रीय मानकीकरण संघटनेने अशा वर्तुळाकार चाचणीसाठी ४१३८ व दुहेरी मार्गिका-बदलाच्या चाचणीसाठी ३८८८ या क्रमांकांची मानके प्रसिद्ध केली आहेत.

वळणाच्या कोणत्या टप्प्यावर दोष दिसतो यावरूनही कारणाचा मागोवा घेता येतो. वळणात शिरताना दिसणारा दोष बहुधा रोधक, धक्काशोषक किंवा टो यांच्याशी संबंधित असतो. वळणाच्या मध्यात वेग स्थिर असताना धक्काशोषकांचे कार्य अल्प असते. तेथील दोष टायर, कँबर, स्प्रिंगा व कलरोधक दांडे यांत शोधावा. वळणातून बाहेर पडताना शक्ती दिल्यावर दिसणारा दोष विभेदी दंतचक्र किंवा मागच्या चाकांची दिशा यांकडे निर्देश करतो. गाडी डावीकडे एक व उजवीकडे दुसरेच वर्तन करीत असेल, तर तो रचनेचा दोष नसून एका बाजूची झीज किंवा चुकीची जुळणी असते. प्रत्येक बदल व त्याचा परिणाम लिहून ठेवावा आणि उपयोग न झाल्यास मूळ स्थिती पुन्हा आणून मगच पुढचा बदल करावा.

रचनेतील दोषांची उदाहरणे : काही गाड्यांत सर्व भाग निर्दोष असूनही वर्तन धोकादायक असते. झुलत्या अर्धआसाचे मागील निलंबन हे याचे प्रसिद्ध उदाहरण होय. यात प्रत्येक अर्धआस विभेदी दंतचक्राजवळच्या सांध्याभोवती झुलतो व चाक त्याला काटकोनात पक्के असते. जोरात वळताना बाहेरच्या टायरवरील आडवी प्रेरणा गाडीचा मागचा भाग वर उचलते, चाक खालून आत वळते व टायर कडेवर उभा राहून पकड अचानक सुटते. पेडल सोडल्यास मागचा भाग आणखी वर येऊन परिणाम तीव्र होतो. १९६२ मध्ये आलेल्या ट्रायम्फ स्पिटफायर या ब्रिटिश गाडीत हा दोष होता. १९७० च्या चौथ्या आवृत्तीत आडवा पाटा मध्यभागी झुलू शकेल असा बसवून मागील कलरोध कमी करण्यात आला व पुढचा कलरोधक दांडा जाड करण्यात आला. मागच्या दोषावर पुढच्या भागातही उपाय असतो, हे यावरून दिसते.

मागे एंजिन असलेल्या शेव्हरोलेट कॉर्व्हेअर या १९६० च्या अमेरिकन गाडीत अशाच निलंबनाचे स्थैर्य टायरांच्या दाबातील फरकावर अवलंबून ठेवलेले होते. थंड टायरांत पुढे चौरस इंचास १५ पौंड व मागे २६ पौंड दाब असावा अशी सूचना होती. चारही टायरांत सारखा दाब भरण्याच्या सवयीने हा तोल सहज बिघडत असे. १९६४ मध्ये पुढे कलरोधक दांडा व मागे आडवा पाटा देण्यात आला आणि १९६५ मध्ये मागील निलंबन पूर्णपणे बदलले. त्याच वर्षी राल्फ नेडर यांनी आपल्या ग्रंथात या गाडीवर कडक टीका केली. १९७२ मध्ये अमेरिकन शासनाच्या अहवालात मात्र ही गाडी तत्कालीन तुल्य गाड्यांपेक्षा अधिक धोकादायक नसल्याचा निष्कर्ष काढण्यात आला.

पोर्शे ९११ या १९६३ मध्ये प्रदर्शित झालेल्या जर्मन गाडीचे एंजिन मागच्या आसाच्याही मागे असल्याने तिची शेपटी लंबकाप्रमाणे वागत असे. आरंभी पुढच्या बंपरमध्ये ओतीव लोखंडाची वजने बसवून तात्पुरता उपाय करण्यात आला. १९६९ च्या आवृत्तीत आसांमधील अंतर २,२११ मिमी.वरून २,२६८ मिमी. करण्यात आले. मागची चाके केवळ ५७ मिमी.ने मागे नेल्यामुळे भाराची विभागणी सुधारली व गाडीचे वर्तन लक्षणीय सौम्य झाले. १९९८ मध्ये विक्रीस आलेल्या आउडी टीटी या गाडीचे जर्मनीत अतिवेगाने मार्गिका बदलताना काही प्राणघातक अपघात झाले. त्यानंतर कंपनीने गाड्या परत बोलावून निलंबनात बदल केले, मागील झाकणावर हवेचा उचलभार घटविणारी पट्टी बसविली व इलेक्ट्रॉनिक स्थैर्यनियंत्रण दिले.

इलेक्ट्रॉनिक स्थैर्यनियंत्रण : बॉश व मर्सेडिझ-बेंझ या कंपन्यांनी १९९५ मध्ये उत्पादनात आणलेल्या या यंत्रणेत सुकाणू चक्राचा कोन व गाडीचे प्रत्यक्ष फिरणे यांची सतत तुलना केली जाते आणि फरक पडल्यास एकेका चाकाला रोधक लावून गाडी सावरली जाते. तिच्यामुळे असंख्य अपघात टळतात. परंतु निदानाच्या दृष्टीने ती दोष झाकूनही ठेवते. झिजलेल्या बुशामुळे घसरू पाहणारी गाडी यंत्रणा गुपचूप सावरीत राहते व ओल्या रस्त्यावर पकड पूर्ण सुटेपर्यंत चालकास काही कळत नाही. माफक वेगाने नेहमीच्या वळणावर यंत्रणेचा दिवा वारंवार लुकलुकत असेल, तर ती दुरुस्तीची सूचना समजावी. चाकांचे कोन जुळविल्यानंतर सुकाणू-कोनाच्या संवेदकाचा शून्यबिंदूही पुन्हा निश्चित करावा लागतो. तसे न केल्यास यंत्रणा निर्दोष गाडीलाही चुकीच्या क्षणी रोधक लावू शकते.

दुरुस्ती झाल्यावर मूळ लक्षण ज्या परिस्थितीत दिसले होते, त्याच परिस्थितीत सुरक्षित जागी पुन्हा चाचणी घेतात. लक्षण नाहीसे झाले व त्याचे कारणही सांगता आले, तरच निदान पूर्ण झाले असे मानतात. कारण न कळता नाहीसे झालेले लक्षण बहुधा टायर झिजल्यावर, भार वाढल्यावर किंवा पाऊस पडल्यावर परत येते.